कुरळे केस आणि टाळूचं आरोग्य: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये एक गल्लत पुन्हा पुन्हा दिसली. टाळूला जे हवं ते लोक केसांना देतात आणि केसांना हवं ते टाळूला. टाळू म्हणजे जिवंत त्वचा. तिच्यावरचा घाम, तेल आणि मृत पेशी वेळच्या वेळी धुऊन निघायला हव्यात. केसाचा बाहेर आलेला भाग मात्र निर्जीव असतो. एकदा झिजला की भरून येत नाही, म्हणून त्याला जपावं लागतं. सरळ केसावरून टाळूचं तेल टोकापर्यंत सहज उतरतं, कुरळ्या केसाच्या वळणावळणांवर ते अडतं. त्यामुळे एकाच डोक्यावर मुळाशी चिकट आणि टोकाला कोरडे केस असू शकतात.

माझे केस ओले असताना छान वळणदार दिसतात. वाळल्यावर विंचरले की फुलून उभे राहतात. पार्लरमध्ये ‘स्मूदनिंग (रसायन लावून केस सरळ करणं) करून टाका’ म्हणतात. त्याआधी घरी काही करता येईल का? (चिपळूण)

बरंच काही करता येईल. पहिली गोष्ट, वाळलेले केस विंचरणं आजपासून बंद करा. ओल्या केसांत ज्या बटा आपसूक जमतात, त्या कंगव्याने मोडतात आणि प्रत्येक केस सुटा होऊन हवेतला दमटपणा ओढत बसतो. गुंता काढायचा तो फक्त न्हाताना, केसांत कंडिशनर असतानाच.

न्हाण्याआधी खांद्यापर्यंतच्या केसांना दोन चहाचे चमचे खोबरेल तेल पुरे. ते कानाच्या खालच्या भागाला लावा, टाळूला नको. अर्धा तास ठेवलं तरी चालतं. खोबरेलच का, तर त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. केसातून धुऊन जाणारी प्रथिनं त्यांपैकी फक्त खोबरेलाने लक्षणीय कमी झाली.

शाम्पू रुपयाच्या नाण्याएवढा घ्या, तळहातावर पाण्यात पातळ करा आणि फक्त टाळूला लावा. नखं नकोत, बोटांच्या पेरांनी दोन मिनिटं चोळा. खालच्या केसांना वेगळा शाम्पू लागत नाही, वाहून जाणाऱ्या फेसाने ते स्वच्छ होतात. मग एक ते दोन मोठे चमचे कंडिशनर कानाखालच्या केसांना लावा आणि मोठ्या दातांच्या कंगव्याने आधी टोकं, मग थोडं वर, असं करत गुंता काढा. वरून खाली ओढलं की सगळ्या गाठी एकाच जागी घट्ट होतात आणि तिथेच केस तुटतो. तीन मिनिटांनी धुऊन टाका.

यापुढच्या टप्प्यात बहुतेक जणी चुकतात. त्या केस पिळतात, टॉवेलने खसाखसा पुसतात आणि मग जेल लावतात. जेल केसांतून पाणी टपकत असतानाच लावायचं. एक चहाचा चमचा जेल दोन्ही तळहातांवर पसरा, केसांवरून हात फिरवा, मग डोकं खाली वाकवून टोकाकडून वर मुठीत दाबा. पाणी दाबताना पचपच आवाज आला तर ओलावा बरोबर आहे. सुती पंचा किंवा जुना टी-शर्ट पंधरा-वीस मिनिटं गुंडाळा आणि त्यानंतर केस पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. वाळल्यावर बटा कडक लागतील. तसंच व्हायला हवं. तळहाताला दोन थेंब तेल लावून त्या कुस्करल्या की कडकपणा जातो आणि वळण राहतं. अर्धवट ओले असताना कुस्करले तर मात्र सगळी मेहनत वाया जाते.

कोकणातल्या पावसाळ्यासाठी एक खास सूचना. लीव्ह-इन (न धुता केसांत ठेवायचं कंडिशनर) किंवा जेलच्या घटकांत ग्लिसरीन पहिल्या तीन-चार नावांत असेल तर जून ते सप्टेंबर ते टाळा. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं आणि केस फुगतात. ओल्या केसांची वेणी घालू नका. जुलैत आतले केस संध्याकाळपर्यंत वाळत नाहीत आणि टाळूला कुबट वास येतो. न्हाणं सकाळी उरकावं.

स्मूदनिंगबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: करू नका. अशा अनेक उत्पादनांतून गरम केल्यावर फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू निघतो. ‘फॉर्मल्डिहाइडमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काहींमध्ये ग्लायऑक्झिलिक आम्ल असतं. 2024 मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका तरुणीची नोंद प्रसिद्ध केली. तिने अशा क्रीमने तीनदा केस सरळ केले होते आणि त्यानंतर तीनही वेळा तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली होती. शिवाय नवे केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात आणि ते कुरळेच येतात. कुरळा आणि सरळ भाग जुळतो तिथे केस सर्वांत जास्त तुटतात.

टाळू कोरडी पडून कोंडा होतो, म्हणून रोज रात्री कोमट तेल मुरवतो. कोंडा वाढतच चाललाय. (लातूर, वय 34)

तेल आधी थांबवा. बहुतेक वेळा कोंडा कोरडेपणाने होत नाही. मालासेझिया नावाची बुरशी प्रत्येकाच्या टाळूवर असते आणि ती त्वचेवरच्या तेलावर जगते. ती तेल फोडते तेव्हा तयार होणारी आम्लं काहींच्या त्वचेला सोसत नाहीत, मग खाज येते आणि पापुद्रे सुटतात. म्हणजे रात्रभर मुरवलेलं तेल त्या बुरशीला खुराकच. पापुद्रे तेलाने दबतात, त्यामुळे सकाळी बरं वाटतं, इतकंच.

केटोकोनॅझोल हे बुरशीनाशक 2 टक्के असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे वापरा. लावल्यावर तीन ते पाच मिनिटं थांबायचं. ‘औषधी शाम्पूने फरक पडला नाही’ म्हणणारे बरेच जण तो लगेच धुऊन टाकतात, औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. कोंडा गेल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा चालू ठेवा; ही तक्रार ताब्यात राहते, कायमची जात नाही. हे शाम्पू कुरळ्या केसांना रखरखीत करतात. त्यावर उपाय असा की आधी कानाखालच्या ओल्या केसांना कंडिशनर लावून ठेवायचं आणि मग औषध फक्त टाळूवर, भांग पाडत पाडत लावायचं. शेवटी दोन्ही एकदम धुवा.

चार आठवड्यांत फरक नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. जाड, चंदेरी पापुद्रे केसांच्या रेषेबाहेर कपाळावर किंवा कानामागे आले असतील तर सोरायसिस या त्वचेच्या जुनाट आजाराची शंका घ्यायला हवी. लहान मुलाच्या डोक्यावर गोल चकता आणि त्यात तुटके केस दिसले तर तो नायटा असू शकतो. त्याला पोटातून गोळ्या लागतात, नुसत्या मलमाने जात नाही. औषधाच्या दुकानातून क्लोबेटासॉल हे तीव्र स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणून लावण्याची सवय फार पसरली आहे. त्याने खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी मात्र आत फोफावते. कृपा करून तसं करू नका.

रविवारी न्हाताना हातात केसांचा पुंजका येतो. टक्कल पडेल का? (नाशिक)

रोज 50 ते 100 केस गळणं स्वाभाविक आहे. तुम्ही आठवड्यातून एकदाच गुंता काढत असाल, तर सात दिवसांचे गळलेले केस बटांमध्ये अडकून राहतात आणि रविवारी एकदम हाती येतात. तेवढ्याने घाबरू नका. भांग रुंद होतोय का, कपाळाजवळची रेषा मागे जातेय का, याकडे लक्ष ठेवा. डेंग्यू, टायफॉइड किंवा बाळंतपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी जोरात गळती होते आणि बहुधा सहा महिन्यांत थांबते. तरी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या.

बोअरचं पाणी आहे. शिकेकाईनेही केस दोरीसारखे होतात. (छत्रपती संभाजीनगर)

शिकेकाई म्हणजे नेमकं काय वापरता? शिकेकाईच्या नावाने मिळणारी वडी बहुतेक वेळा साबणच असते. साबण आम्लारी असतो, शिवाय जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी मिळून त्याचा न विरघळणारा चिकट साका होतो आणि तोच केसावर बसतो. शेंगांचं तसं नाही. पण पूडही कुरळ्या केसांना नकोच, तिचे कण वळणांत अडकतात आणि निघता निघत नाहीत.

सहा शिकेकाईच्या शेंगा, बिया काढलेले चार रिठे आणि चमचाभर आवळकाठी लिटरभर पाण्यात रात्री भिजवा. सकाळी पंधरा मिनिटं मंद उकळून फडक्याने गाळा. हे पाणी डोळ्यांत गेलं तर फार झोंबतं, मान मागे करूनच ओता. फेस कमी येतो, म्हणून जास्त रिठे घालू नका. रिठा जास्त झाला की केस रखरखीत होतात.

आधीच बसलेला क्षारांचा थर मात्र शिकेकाईने निघणार नाही. डायसोडियम किंवा टेट्रासोडियम ईडीटीए असलेला, क्षार काढणारा शाम्पू तीन-चार आठवड्यांतून एकदा वापरा आणि त्या दिवशी भरपूर कंडिशनर लावा. एरवी शेवटचं पाणी तेवढं पावसाचं किंवा फिल्टरचं घ्या; लिटरला एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर मिसळलं तर चमक येते. आरओ मशीनच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी साठवून त्याने न्हाऊ नका, सगळे क्षार त्यातच उतरलेले असतात. लिंबू थेट टाळूवर पिळू नये, आग होते.

जवसाचं जेल घरी करते, पण कधी गाळता येत नाही, कधी डोक्यावर पांढरे कण दिसतात. (पुणे)

पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी. मध्यम आचेवर सतत ढवळा. सात ते दहा मिनिटांत पांढरा फेस येतो आणि चमच्यावरून धार न तुटता तार सुटू लागते. त्याच क्षणी गॅस बंद करून गरम असतानाच गाळा. तुम्ही गार होऊ देत असणार, मग ते इतकं दाटतं की गाळणीतून उतरत नाही. जुन्या नायलॉनच्या ओढणीतून किंवा पायमोज्यातून पिळलं तर सोपं जातं, पण हात भाजेल, चिमटा वापरा.

पांढरे कण म्हणजे आधी लावलेलं लीव्ह-इन आणि जेल यांचं न जमणं, किंवा जेल फार जास्त होणं. दोन्ही थोडं-थोडं तळहातावर एकत्र चोळून बघा. तिथेच गुठळ्या झाल्या तर ती जोडी टाळा. जेल फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. आंबूस वास आला की फेकून द्या, त्यात जंतू फार लवकर वाढतात.

सात वर्षांच्या मुलीचे केस दाट कुरळे आहेत. शाळेतून उवा येतात, फणी फिरवली की रडून घर डोक्यावर घेते. (ठाणे)

कोरड्या केसांत फणी घालूच नका. केस ओले करून कंडिशनरने अगदी बरबटून टाका. त्यात उवांची हालचाल मंदावते आणि फणी सरकते. आधी मोठ्या दातांचा कंगवा, मग मुळापासून टोकापर्यंत बारीक फणी. प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या कागदावर पुसून बघा. लिखा सात ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून दर तीन-चार दिवसांनी किमान दोन आठवडे हे करायला हवं. परमेथ्रिन 1 टक्का हे उवा मारण्याचं औषध वापरणार असाल तर त्याआधी कंडिशनर नको. दहा मिनिटं ठेवा, आठवड्याने पुन्हा लावा. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा. रॉकेल कधीही नाही. आणि शाळेसाठी दोन वेण्या घालताना कपाळाची कातडी ताणली जाईल इतक्या घट्ट घालू नका. रोजच्या ओढीने कानशिलाजवळचे केस विरळ होतात, वर्षानुवर्षं चाललं तर परत येत नाहीत.

सासूबाई आजारपणात दीड महिना अंथरुणाला खिळून होत्या. मागच्या केसांचा घट्ट गोळा झालाय. शेजारीपाजारी म्हणतात, जट आली, यल्लम्माचा कौल आहे, कापाल तर कोप होईल. त्यांची मान दुखते. (मंगळवेढा)

हा कौल नाही, गुंता आहे. केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात. उशीवर डोकं घासत राहिलं की ते एकमेकांत अडकतात, गळलेले केस बाहेर न पडता त्यातच गुंततात, आणि घाम, तेल, हळद-कुंकू यांनी सगळं चिकटून जातं. कुरळ्या केसांत हे आणखी लवकर होतं. जट आली म्हणून पूर्वी मुलींना देवीला सोडलं जायचं. या भीतीने किती आयुष्यं गेली आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहितो आहोत.

दीड महिन्याचाच गोळा असेल तर सुटण्याची आशा आहे. पाणी लावू नका, ओला झाला की तो आवळतो. भरपूर खोबरेल जिरवा (एरंडेल नको, त्याच्या चिकटपणाने गुंता वाढतो). टाळूकडची बाजू एका हाताने धरून, कडेपासून, विणकामाच्या सुईने एकेक बट सोडवा. एका बैठकीत अर्ध्या तासापेक्षा जास्त करू नका, त्यांना ताण होईल.

दगडासारखा झाला असेल तर कापणं हाच उपाय. गोळा आणि टाळू यांच्या मध्ये थोडे नवे मोकळे केस वाढलेले असतात. तिथे दोन बोटं सरकवून, बोथट टोकाच्या छोट्या कात्रीने, उजेडात, थोडं थोडं कापा. वस्तरा नको, आतली कातडी कुठे उंच-सखल आहे ते दिसत नाही. सासूबाईंची संमती मात्र हवी. त्या घाबरत असतील तर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना बोलवा. जटमुक्तीचं काम ते अनेक वर्षं करत आले आहेत, आधी घरच्यांशी बोलतात आणि मगच कात्री लावतात.

कापल्यावर सौम्य शाम्पूने डोकं धुवा आणि टाळू नीट बघा. उवा, ओलसर जखमा किंवा पू दिसला तर डॉक्टरांकडे न्या; मधुमेह असेल तर त्याच दिवशी. ओझं उतरल्यावरही मान आठवडाभरात मोकळी झाली नाही, तर ते दुखणं वेगळं समजून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.