जळगावकडच्या खेड्यात स्लॅबचं घर मे महिन्यात फार तापतं. छत थंड ठेवायला खर्च, अनुदान, परवानगी काय?

पाचशे चौरस फुटांच्या स्लॅबला चुन्याचे तीन हात द्यायला मजुरी सोडून साधारण हजार-दीड हजार रुपये पुरतात आणि नुसत्या रंगकामाला ग्रामपंचायतीची परवानगी लागत नाही. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो, म्हणून स्लॅबच कमी तापतो आणि रात्री घरात उष्णता कमी सोडतो. पंधरा-वीस किलो कळीचा चुना रात्रभर भिजवा, पण प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये नको. विरताना तो उकळतो. डोळे जपा. सकाळी गाळून त्यात थोडा फेव्हिकॉल घाला. स्लॅब आधी घासून धुवा, ओलसर असतानाच पातळ हात द्या; धुळीवर दिलेला चुना पोपडे होऊन निघतो. तीव्र उन्हात मारू नका, फार लवकर सुकून त्याची भुकटी होते. पावसाळ्यात तो धुपतो, म्हणून दर मार्चमध्ये पुन्हा द्यावा लागतो.

अनुदानाबाबत गल्लत होते: प्रधानमंत्री सूर्यघर योजनेचे पैसे चुन्याला किंवा छताला आतून लावायच्या फोमला नाहीत, सौर पॅनेलला आहेत (१ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,०००, ३ व पुढे ७८,०००). पॅनेलची सावली छताला मिळते, हा मोठा फायदा. खोली किंवा मजला वाढवायचा असेल तर मात्र आधी ग्रामपंचायतीत अर्ज करा.

पत्र्याचं घर असेल तर चुना टिकत नाही. प्रायमर लावून पांढरा रंग द्या. आतून चंदेरी फॉइलचा फोम लावायचा असेल तर पत्रा आणि फॉइलमध्ये इंचभर पोकळी ठेवा. चुलीच्या वर थर्माकोल अजिबात नको, तो पटकन पेटतो.