रक्तदाब अचूक मोजला, तरी अनुत्तीर्ण का?

प्रश्न : मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात शिकते. ‘ऑस्की’ या प्रात्यक्षिक परीक्षेत (तिच्यात ‘स्टेशन’ म्हटल्या जाणाऱ्या एकेका ठिकाणी ठरावीक वेळात एकेक कौशल्य करून दाखवायचे असते) रक्तदाबाच्या स्टेशनवर माझी नोंद अचूक आली, तरीही ‘रुग्णाशी संवाद अपुरा’ असा शेरा मिळून मी अनुत्तीर्ण झाले. मी मुळातच अबोल आहे. हे क्षेत्र सोडावे का?

उत्तर : एका स्टेशनच्या निकालावरून क्षेत्र सोडू नये. मात्र तो शेरा अन्यायाचा आहे, असेही मला वाटत नाही.

ऑस्कीची पद्धत वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी मांडली. प्रत्येकाला तेच काम, तेवढाच वेळ आणि तीच तपासणी यादी मिळावी, म्हणजे परीक्षकाच्या मर्जीला वाव कमी राहतो, हा तिच्यामागचा विचार. त्या यादीत बोलण्याचे गुण वेगळे दिसतात, त्यामुळे ते वरकड सौजन्याचे गुण आहेत असा विद्यार्थ्यांचा समज होतो.

तुमचेच स्टेशन पाहा. रुग्णाने त्याचे नाव स्वतः सांगितल्याशिवाय नोंद योग्य माणसाची आहे याची खात्री होत नाही. अर्ध्या तासात चहा-कॉफी किंवा धूम्रपान झाले आहे का, एखाद्या हातावर डायलिसिससाठी फिस्टुला (धमनी आणि शीर यांची शस्त्रक्रियेने केलेली जोडणी) केलेला आहे का, स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या आहेत का, हे विचारल्यावाचून कोणता हात निवडायचा आणि आलेल्या आकड्यावर कितपत विसंबायचे, हे ठरत नाही. शिवाय मोजणी चालू असताना बोलल्याने रक्तदाब वाढलेला दिसू शकतो, म्हणून रुग्णाने त्या वेळी गप्प राहावे हेही आधी सांगावेच लागते. म्हणजे कौशल्याचा निम्मा भाग तुमच्या बोलण्यातच आहे, आणि त्यासाठी बोलघेवडेपणा लागत नाही. पाठ केलेले ‘मला तुमचे दुःख समजते’ हे वाक्य तर मला नेहमीच पोकळ वाटते. अबोल विद्यार्थिनी बहुधा त्यापासून वाचतात.

या परीक्षेची मर्यादाही लक्षात घ्या. काही मिनिटांत तुम्ही काय करून दाखवू शकता, एवढेच ती पाहते. रोज वॉर्डात तुम्ही कशा वागता हे प्रशिक्षकांच्या प्रत्यक्ष निरीक्षणातूनच कळते. त्यांच्याकडून लेखी अभिप्राय अवश्य मागा.

सरावासाठी एका मैत्रिणीला रुग्ण करा आणि दुसरीच्या हाती यादी द्या. सराव संपल्यावर आधी रुग्ण झालेल्या मैत्रिणीला विचारा, की हाताभोवतीचा पट्टा आवळणार आहे हे तिला तो आवळण्यापूर्वी कळले होते का.