घरोघरी जाण्यापूर्वी

इंदूरच्या रामबागेत किंवा लोकमान्यनगरात मतदारजागृतीसाठी फिरताना भाषणाची घाई करू नका. आधी घरातील सर्वांची नावे यादीत आहेत का, हे त्यांच्यासमोरच यादी उघडून पाहा. लग्न होऊन पुण्याहून इंदूरला आलेल्या सुनेचे नाव बहुधा माहेरच्याच यादीत असते आणि तिने नव्या नोंदणीचा नमुना ६ नव्हे, तर स्थलांतरासाठीचा नमुना ८ भरायचा असतो, हे घरातल्या जाणत्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. १८ वर्षे पूर्ण करणाऱ्यांसाठी आता १ जानेवारीखेरीज १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर याही अर्हता तारखा, म्हणजे वय मोजण्याच्या तारखा, आहेत. उमेदवारांविषयी विचारलेच, तर त्यांनी उमेदवारी अर्जासोबत दिलेली शपथपत्रे दाखवा, स्वतःचे मत सांगू नका. चहा मात्र खुशाल घ्या. पक्षाचे उपरणे घातलेला ओळखीचा कार्यकर्ता सोबत येऊ लागल्यास त्याला नम्रपणे थांबवा, नाहीतर पुढच्या दारात तुमचे कोणी ऐकून घेणार नाही.