डाय हाऊसची जमीन आणि सरकारचा पैसा

बंद कारखाने, डाय हाऊस (सूत-कापड रंगवायचे कारखाने) आणि कचरा डेपोच्या जमिनींबद्दल सोलापुरातून आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत.

प्रश्न : आमची बावीस जणांची गृहनिर्माण संस्था आहे. अक्कलकोट रोडकडे बंद डाय हाऊसची जागा स्वस्तात मिळतेय. दलाल म्हणतो, माती खराब निघाली तर साफ करायला सरकार अनुदान देतं. खरं का? – साखर पेठ

उत्तर : अर्धं खरं आहे, आणि दलाल तेवढंच सांगतोय. दूषित जमिनींसाठी केंद्राने जुलै 2025 मध्ये स्वतंत्र नियम आणले. ज्याने घाण केली त्याने खर्च भरायचा, हा त्यांचा पाया. तो सापडलाच नाही किंवा त्याची ऐपतच नसली, तर सरकार पुढे येतं. तुमच्या जागेचा मालक तर समोर बसून भाव सांगतोय! शिवाय खरेदीदार संस्थेने भरायचा अनुदानाचा फॉर्म या नियमांत नाही. स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासन संशयित जागांची यादी करतं. प्रदूषण नियंत्रण मंडळ 90 दिवसांत प्राथमिक आणि पुढच्या 90 दिवसांत सविस्तर तपासणी करतं. त्यानंतर शुद्धीकरणाचा आराखडा. म्हणजे कागदावरच सहा महिने झाले. सरकारी नव्वद दिवस प्रत्यक्षात किती असतात, ते सोलापूरकरांना मी सांगायला नको.

म्हणून इसार देण्याआधी माती तपासा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं पाणी त्या भेगांतून थेट मुरुमात उतरतं. त्याखालच्या खडकाच्या फटींतून ते शेजारच्या बोअरलाही लागू शकतं. वरवरची एक ओंजळ पिशवीत भरून प्रयोगशाळेत नेलीत तर अहवाल छान येईल आणि फसाल तुम्ही. रंगाचे हौद, सांडपाण्याची गटार, बॉयलरची राख टाकायची जागा आणि डिझेलची टाकी कुठे होती, हे तिथल्या जुन्या कामगाराला विचारा. त्या ठिकाणी वरची, मधली आणि मुरुमाला लागलेली अशी तिन्ही थरांची माती घ्या, सोबत बोअरचं पाणीही. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेत क्रोमियम, शिसं, तांबं, तेल आणि क्षार तपासून घ्या. मातीला रंग दिसत नाही म्हणून ती स्वच्छ असं समजू नका. क्रोमियम डोळ्यांना दिसेलच असं नाही.

अहवाल वाईट आला तर सफाईचा अंदाजित खर्च किमतीतून वजा करायला लावा आणि ती अट साठेखतात लिहून घ्या. मालक कबूल होत नसेल तर जागा सोडा.

प्रश्न : वडिलांचं डाय हाऊस बंद होऊन बरीच वर्षं झाली. तिथे गोडाऊन बांधायचंय. मागे ड्रममध्ये वाळलेला गाळ पडून आहे. सफाईला अनुदान मिळेल? – नीलम नगर

उत्तर : नाही. घाण तुमच्याच कारखान्याची, म्हणून खर्चही तुमचाच. सांडपाणी प्रक्रियेतला तो गाळ असेल तर तो घातक कचऱ्यात मोडतो. मंडळाच्या परवानगीने तो रांजणगावसारख्या अधिकृत विल्हेवाट केंद्रात जायला हवा, आणि वाहतुकीची कागदपत्रं जपून ठेवायला हवीत. मुरुमात कालवून जोत्यात भरायचा सल्ला कुणीतरी देईलच. त्या माणसाला पुन्हा कामावर बोलवू नका.

प्रश्न : तुळजापूर रस्त्याच्या कचरा डेपोची जागा याच नियमांखाली साफ होईल का? नंतर तिथे घरकुलं बांधता येतील? – जुने विडी घरकुल

उत्तर : डेपोतला घनकचरा एरवी या नियमांबाहेर आहे. त्याचा पैसा स्वच्छ भारत मिशन 2.0 मधून येतो. हे मिशन 1 ऑक्टोबर 2021 ला पाच वर्षांसाठी सुरू झालं. त्यात एक ते दहा लाख वस्तीच्या शहरांना केंद्राचा वाटा 33 टक्के, त्याहून मोठ्या शहरांना 25. आपली 2011 ची लोकसंख्या 9,51,558. अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास हजार माणसं जास्त मोजली गेली असती तर वाटा घटला असता. शहर लहान राहिल्याचा असाही एक फायदा!

घरकुलांचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे : नकोत. बायोमायनिंग, म्हणजे साचलेला कचरा उकरून चाळणं, झालं तरी खाली उरलेल्या कचऱ्यातून मिथेन निघत राहतो, जमीन खचते, झिरपलेलं काळं पाणी खाली मुरलेलं असतं. झाडं लावा, सौर पॅनेल बसवा. चाळलेली माती शेतकरी नेतात, तीही धातू तपासल्याशिवाय देऊ नये.

प्रश्न : जुनी मिल 1877 सालची. तेव्हापासून गिरण्यांनी हे शहर वाढवलं. अशा जुन्या औद्योगिक जागा साफ करून शहराला वापरता याव्यात, यासाठी महापालिकेने पैसा कुठे मागावा? – भवानी पेठ

उत्तर : केंद्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात एक लाख कोटींचा अर्बन चॅलेंज फंड जाहीर झाला. शहरांचा पुनर्विकास हा त्याच्या हेतूंपैकी एक. पण त्यातून खर्चाच्या 25 टक्क्यांपर्यंतच मिळतात, आणि किमान निम्मा पैसा रोखे, बँकेचं कर्ज किंवा खासगी भागीदारीतून उभा करावा लागतो. बँक मातीतल्या क्रोमियमला कर्ज देणार नाही, ती उद्याच्या भाड्याला देईल. म्हणून नुसती सफाई मागू नये; बाजार, वसतिगृह, वाहनतळ असा कमाईचा प्रकल्प मांडून सफाई त्याच्या खर्चात धरावी.

पूर्ण सरकारी खर्चाने सफाई होते, नाही असं नाही. भोपाळच्या युनियन कार्बाइडचा 337 टन कचरा पिथमपूरला नेऊन जाळायला केंद्राने 126 कोटी दिले. पण 1984 च्या दुर्घटनेनंतर तो कचरा हलायला जानेवारी 2025 उजाडला, आणि आवारातल्या मातीचा व भूजलाचा प्रश्न अजून उरलाच आहे.

महापालिकेत गेलात तर ‘प्रस्ताव पाठवलाय’ एवढ्यावर परतू नका. जागेची मालकी कुणाची, कोर्टात दावा आहे का आणि मातीचा अहवाल कुठे आहे, हे तीन कागद मागा. दावा चालू असेल तर बाकीचे दोन मागण्यात वेळ घालवू नका.