टीएसएच जास्त आलंय, मग डॉक्टर ‘थायरॉइड कमी आहे’ असं का म्हणतात?

तुमच्या आईंचं टीएसएच ११ आलंय आणि डॉक्टर थायरॉइड कमी आहे म्हणतात, म्हणून तुम्ही गोंधळलात. मी लॅबमध्ये काम करते. रिपोर्ट हातात पडला की बरेच जण आम्हालाही हेच विचारतात.

टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन. ते थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन नव्हेच. ते येतं मेंदूच्या तळाशी असलेल्या, जेमतेम वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीतून. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी बनवते ती हार्मोन्स म्हणजे टी४ आणि थोडं टी३. रक्तात ही दोन्ही कमी पडली की पिट्युटरी टीएसएच वाढवते, पुरेशी झाली की हात आखडता घेते. समोरच्याला ऐकू येत नसलं की आपला आवाज आपोआप चढतो, तसंच. आईंचं ११ म्हणजे तो चढलेला आवाज. (साधारण ०.४ ते ४ नॉर्मल धरतात. लॅबनुसार थोडा फरक असतो, वय वाढलं की वरची मर्यादाही थोडी सरकते.)

गंमत म्हणजे पिट्युटरी भलतीच हळवी असते. टी४ जरासं घसरलं तरी टीएसएच कित्येक पटींनी उसळतं. त्यामुळे टी४ नॉर्मल आणि टीएसएच वाढलेलं, असे रिपोर्ट सर्रास दिसतात. आईंचं फ्री टी४ (रक्तातल्या प्रथिनांना न चिकटलेलं, मोकळं टी४) किती आहे ते बघाच.

टी४ मध्ये आयोडीनचे चार अणू असतात. यकृत, मूत्रपिंड वगैरे ठिकाणी त्यातला एक निघतो आणि टी३ तयार होतं. खरं काम याचं. ते पेशीच्या केंद्रकात शिरून जनुकांचं काम कमीजास्त करतं, तेही जवळजवळ सगळ्या अवयवांत. म्हणूनच थकवा, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणं, कोरडी त्वचा असं सगळं एकदमच मागे लागतं.

थायरॉइडची गोळी (म्हणजे बाहेरून दिलेलं टी४) सुरू झाली तर आठ दिवसांत पुन्हा रक्त द्यायला धावू नका. टी४ रक्तातून निम्मं व्हायलाच आठवडाभर लागतो. टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात.

आणखी एक. पिट्युटरीच आजारी असेल तर टी४ कमी असूनही टीएसएच चढत नाही, त्यामुळे नुसत्या टीएसएचवर विसंबून चालत नाही. आणि केस गळतात म्हणून आई बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत असतील तर रक्त देण्याआधी सांगा. मोठ्या डोसमुळे बऱ्याच मशीनवर टीएसएच खोटंच कमी आणि टी४ खोटंच जास्त दिसतं. डॉक्टरांना विचारून निदान दोन दिवस आधी त्या बंद ठेवा.