व्हायरल लोड सापडत नाही, मग पेशी का घटल्या?

"गोळी तर रोज घेतोय की, मॅडम. व्हायरल लोड पण सापडत नाही म्हणतात. मग पेशी ४१० वरून ३४० कशा झाल्या?"

सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात माग चालवणारे गृहस्थ (ओळख बदलली आहे). दीड वर्षापासून एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, सुरू. व्हायरल लोड म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण; पेशी म्हणजे सीडी४, एचआयव्ही ज्यांवर हल्ला करतो त्या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी. हा प्रश्न एआरटी केंद्रात फार जण विचारतात.

त्यांना मागाच्याच भाषेत विचारलं, "टोपलीत किती कांड्या उरल्या ते मोजलं, तर दिवसात किती संपल्या ते कळतं का?" नाही कळत. सीडी४ चा आकडा तसाच, फक्त शिल्लक सांगतो. उपचाराआधी विषाणू तयार करणारी पेशी एक-दोन दिवसांत मरते, शरीर नव्या पेशी करत राहतं. १९९५ मध्ये डेव्हिड हो आणि जॉर्ज शॉ यांच्या गटांनी औषध दिल्यावर विषाणू किती झपाट्याने घटतो ते मोजलं, तेव्हा ही उलाढाल उघड झाली. शिवाय मरतात त्या फक्त बाधित पेशी नव्हेत. प्रतिकारशक्ती सतत चेतलेली राहते, म्हणून आजूबाजूच्या निरोगी पेशीही लवकर झिजतात. गोळीने विषाणू थांबतो. ही झीज मात्र हळूहळू उतरते, काहींची पूर्ण उतरतही नाही.

मग ३४० चं काय? आधी एकूण लिम्फोसाइट (ज्या पांढऱ्या पेशींमध्ये सीडी४ मोडतात) १७०० होते, या वेळी १४००. त्यातली सीडी४ ची टक्केवारी दोन्ही वेळा २४, म्हणजे प्रमाण तेच. तपासणीच्या चार दिवस आधी त्यांना ताप होता. तापात लिम्फोसाइट रक्तातून लसिका गाठींकडे जातात; तसेही रक्तात असतात ते शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी जेमतेम दोन टक्के. सकाळ-संध्याकाळच्या नमुन्यातही फरक पडतो. म्हणून एकट्या आकड्यावर घाबरायचं नाही. ताप गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, त्याच लॅबमध्ये, त्याच वेळेला पुन्हा तपासायचं. कोट्रायमॉक्झॉल (इतर संसर्ग टाळण्यासाठीची गोळी) मात्र चालूच ठेवायचं: ते थांबवायला सीडी४ सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा ३५० च्या वर यावे लागतात. खोकला, रात्रीचा घाम, वजन घटणं असेल तर आकड्याची वाट न पाहता टीबीची तपासणी.

खरी गडबड पिशवीत निघाली. "पेशी वाढाव्यात" म्हणून मेडिकलमधून आणलेलं लोह-कॅल्शियमचं टॉनिक ते रात्री रिकाम्या पोटी एआरटीच्या गोळीसोबतच घेत होते. लोह-कॅल्शियम एआरटीच्या गोळीतल्या डोल्युटेग्रॅव्हिर या औषधाला चिकटतं आणि औषध रक्तात कमी उतरतं. गोळी आधी घेतली तर टॉनिक दोन तासांनी; टॉनिक आधी घेतलं तर गोळी सहा तासांनी. जेवणासोबत दोन्ही एकत्र चालतात, ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असलेलं ॲसिडिटीचं औषध मात्र तेव्हाही नाही.

"मग टॉनिक बंदच करतो," म्हणाले. हिमोग्लोबिन तपासलं, १४ आलं. बंद केलं.