पाण्याच्या ताणात पानाचा ऑक्सिजन मोजावा की कार्बन डायऑक्साइड?

सोयाबीनच्या कुंड्यांचं पाणी तोडून प्रकाशसंश्लेषण किती घटतं हे तुम्हाला पाहायचंय आणि त्यासाठी कोणता वायू मोजावा, असं तुम्ही विचारलंय. जमत असेल तर दोन्ही मोजा.

रोपावरच्या पानाला क्लिप लावून मोजायचं तर कार्बन डायऑक्साइडच बरा. हवेत तो साधारण 420 पीपीएम (दहा लाख भागांत 420 भाग) असतो, त्यातले 20 पानाने उचलले तरी इन्फ्रारेड यंत्राला लगेच कळतं. ऑक्सिजन मात्र जवळपास 2,10,000 पीपीएम, त्यात 20 ची भर शोधणार कशी? म्हणून पानाची चकती कापून छोट्या बंद कक्षात, क्लार्क इलेक्ट्रोडवर (ऑक्सिजन ओळखणाऱ्या विद्युत संवेदकावर) ऑक्सिजन मोजतात.

एवढा खटाटोप का, तर पाणी कमी पडलं की पान आधी पर्णरंध्रं, म्हणजे वायू ये-जा करणारी सूक्ष्म छिद्रं, मिटून घेतं. क्लिपवरचा आकडा कोसळतो, पण आतली यंत्रणा बिघडली की तिला कच्चा माल, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच मिळत नाहीये, हे त्यावरून थेट कळत नाही. इलेक्ट्रोडच्या कक्षात सुमारे 5 टक्के कार्बन डायऑक्साइड ठेवता येतो. तो मिटलेल्या रंध्रांतूनही बराचसा आत शिरतो. मग भरपूर उजेडात ऑक्सिजनचा वेग पाणी दिलेल्या रोपाइतका आला, तर हरितलवकं (पेशीतले प्रकाशसंश्लेषण करणारे भाग) शाबूत आहेत. मध्यम ताणात बहुधा हेच दिसतं. तीव्र उष्णतेचं तसं नाही: तिथे पाण्याचा रेणू फोडणारी यंत्रणाच दुखावते आणि कितीही कार्बन डायऑक्साइड दिला तरी वेग वर येत नाही. अशा वेळी पान अर्धा तास अंधारात ठेवून हरितद्रव्याची प्रतिदीप्तीही, म्हणजे ते परत सोडतं तो मंद लाल उजेडही, मोजा. त्यातून एफव्ही/एफएम हे प्रकाश वापरण्याची क्षमता सांगणारं गुणोत्तर मिळतं; निरोगी पानात ते 0.83 च्या आसपास असतं.

इलेक्ट्रोड लावताना पातळ पटलाखाली सिगारेटचा कागद इलेक्ट्रोलाइटमध्ये भिजवून बसवतात. तिथे एक बुडबुडा राहिला तरी नोंदीची रेघ स्थिर न राहता सरकत राहते. कक्षाचं तापमान पाणी फिरवून स्थिर ठेवा. दिवा बंद असतानाचं श्वसन आधी मोजून घ्या, ते उजेडातल्या आकड्यात मिळवावं लागतं.

आणि चकती पाण्यावर तरंगत ठेवू नका, कक्षातल्या ओल्या फेल्टलाही (जाड लोकरी कापडालाही) टेकू देऊ नका. ती पाणी शोषते आणि तुम्हाला मोजायचा ताणच निघून जातो. त्याच पानाच्या उरलेल्या तुकड्यातून सापेक्ष जलप्रमाण, म्हणजे पूर्ण भिजलेल्या पानाच्या तुलनेत त्यात किती पाणी आहे ते, काढा. लहान कुंडी मोठीपेक्षा लवकर सुकते, त्यामुळे ‘पाणी तोडून आठवा दिवस’ एवढ्या नोंदीवरून दोन रोपांची तुलना होत नाही.